महिला गटाची रेघ कुठे ओढायची? पारलिंगी खेळाडूंचा वाद समजून घेताना

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावली. तेव्हाचा तो राष्ट्रीय विक्रम. त्या जोरावर ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावली, त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ललिता ही पहिली भारतीय महिला. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हेच अंतर २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. या दोन धावा एकाच शर्यतीत घडल्या असत्या, तर अविनाशने शेवटची रेषा ओलांडली तेव्हा ललिताची जवळपास एक अख्खी फेरी उरली असती. तेही तिचे अडथळे ७६.२ सेंटिमीटरचे आणि त्याचे ९१.४ सेंटिमीटरचे असताना.

कष्टात, जिद्दीत, दुष्काळी मातीत घडण्यात दोघांपैकी कुणीच उणं नाही. तरीही वेगळा महिला गट नसता तर ललिता बाबर हे नाव आपल्या कानावर आलंच नसतं. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रियांना महिला गटात खेळू द्यावं का, या वादात शिरण्याआधी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. महिला गट ही कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली सवलत नाही. निम्म्या मानवजातीला पदकापर्यंत पोचण्याचा तो एकमेव रस्ता आहे.

खेळात असे गट आपण सर्रास पाडतो. कुस्तीत वजनगट असतात. ५७ किलोच्या पैलवानाला ९७ किलोच्या पैलवानासमोर उतरवून 'बघू कोण भारी' असं मॅटवर कुणी म्हणत नाही. वयोगट असतात, आणि १६ वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये वय चोरून कुणी घुसू नये म्हणून बीसीसीआय मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतं. चोरी सगळेच करत नाहीत, पण दोन वर्षांनी मोठा मुलगा लहानांत खेळला की बाकीच्यांची संधी जाते हे सगळ्यांना कळतं. प्रत्येक गटामागे एक ठरावीक फरक असतो. तो बाजूला काढायचा आणि मग उरलेल्या बाबतीत, म्हणजे कौशल्य, सराव, डोकं, हिंमत यांत, मनसोक्त भिडायचं.

मग महिला गट नेमका कुठला फरक बाजूला काढतो?

उत्तर वयात येण्याच्या काळात सापडतं. नऊ-दहा वर्षांची मुलं-मुली शाळेच्या मैदानावर धावतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर फार नसतं. पुढे मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक एकदम वाढतं. प्रौढ पुरुषांच्या रक्तात ते साधारण ७.७ ते २९.४ नॅनोमोल प्रतिलिटर असतं, स्त्रियांच्या रक्तात ०.०६ ते १.६८. म्हणजे दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. या संप्रेरकामुळे उंची वाढते, हाडं लांब आणि जाड होतात, खांदे रुंदावतात, स्नायू भरतात, हृदय आणि फुप्फुसं मोठी होतात आणि रक्तातलं हिमोग्लोबिन स्त्रियांपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी जास्त राहतं. हिमोग्लोबिन जास्त म्हणजे स्नायूंना प्राणवायू जास्त.

याचा मैदानावरचा परिणाम खेळागणिक बदलतो. धावण्यात अव्वल पुरुष आणि अव्वल स्त्रिया यांच्यात १० ते १२ टक्क्यांचा फरक दिसतो. लांब उडीत पुरुषांचा जागतिक विक्रम ८.९५ मीटरचा आणि स्त्रियांचा ७.५२ मीटरचा आहे. भारोत्तोलनात ही दरी ३० टक्क्यांच्या आसपास जाते. दहा-बारा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण अमेरिकेची विश्वविजेती धावपटू टोरी बोवी हिची १०० मीटरमधली आयुष्यातली सर्वोत्तम वेळ १०.७८ सेकंद होती, आणि एकट्या २०१७ या वर्षात पुरुषांनी आणि मुलग्यांनी मिळून ती १५ हजार वेळा मागे टाकली होती. ती मागे टाकणारे सगळे काही जगज्जेते नव्हते. त्यांत शाळकरी पोरंही होती.

सगळेच खेळ असे नाहीत. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजीत स्त्री-पुरुष एकत्र होते आणि सुवर्णपदक चीनच्या झांग शानने जिंकलं. पुढच्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवण्यात आलं आणि तिला विजेतेपद राखायला उतरताच आलं नाही. महिलांचं स्कीट आलं ते २००० मध्ये. घोडेस्वारीत आजही दोघं एकाच स्पर्धेत उतरतात. म्हणून 'खेळात पारलिंगी व्यक्तींना घ्यावं की नाही' असा सरसकट प्रश्न विचारला की तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. कुठला खेळ आणि कुठल्या पातळीवर, हे आधी विचारायला हवं.

आता माणसांविषयी, कारण बातम्यांमध्ये सगळ्यांत जास्त गल्लत इथे होते. पारलिंगी स्त्री म्हणजे जन्माच्या वेळी जिची नोंद मुलगा अशी झाली, पण जी स्वतःला स्त्री म्हणून ओळखते आणि तसं जगते. पारलिंगी पुरुष याच्या उलट. या दोघांहून पूर्ण वेगळा तिसरा गट आहे तो जन्मतःच लिंगविकासात वेगळेपण असलेल्यांचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला डीएसडी म्हणतात. या मुली जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढलेल्या असतात. शरीराच्या आत काही वेगळं आहे याचा त्यांना स्वतःलाही बहुतेकदा पत्ता नसतो, एखाद्या स्पर्धेच्या चाचणीत ते अचानक समोर येतं. ओडिशाची द्युती चंद पारलिंगी नाही. तमिळनाडूची शांती सुंदरराजन नाही, दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिच्यावरून समाजमाध्यमांवर रान पेटलं ती अल्जेरियाची मुष्टियोद्धा इमान खलीफ हीसुद्धा पारलिंगी नाही. तरी या चौघींची नावं पारलिंगी खेळाडूंच्या वादात बिनदिक्कत ओढली गेली. दोन्ही प्रश्न शेजारी आहेत हे खरं, पण एकाचं उत्तर दुसऱ्यावर चिकटवता येत नाही.

नियमांचा प्रवास सुरू होतो तो टेनिसपासून. रेने रिचर्ड्स या न्यूयॉर्कच्या डोळ्यांच्या डॉक्टर. लिंगबदल शस्त्रक्रियेनंतर त्यांनी महिला गटात खेळायचं ठरवलं तेव्हा अमेरिकेच्या टेनिस संघटनेने गुणसूत्रांची चाचणी मागितली. त्या न्यायालयात गेल्या, १९७७ मध्ये जिंकल्या आणि त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये उतरल्या. वय ४३. एकेरीत पहिल्याच फेरीत व्हर्जिनिया वेडकडून हरल्या, दुहेरीत मात्र अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. नंतर मार्टिना नवरातिलोव्हाच्या त्या प्रशिक्षक झाल्या. पुढे म्हातारपणी त्यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितलं, की हेच आपण विशीत केलं असतं तर कुठलीही स्त्री आपल्या जवळपासही पोचली नसती. ज्या बाईने हा रस्ता उघडला तिनेच हे म्हणावं, याचं वजन मला फार वाटतं.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पहिला नियम केला २००४ मध्ये: शस्त्रक्रिया झालेली हवी, कायदेशीर ओळख बदललेली हवी आणि संप्रेरकांचे उपचार किमान दोन वर्षं हवेत. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट काढली. ती काढायलाच हवी होती, कारण पळण्या-उचलण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. नवी अट अशी, की टेस्टोस्टेरॉन स्पर्धेआधी किमान १२ महिने १० नॅनोमोलच्या खाली असावं. वर दिलेले आकडे पुन्हा पाहा. स्त्रियांची कमाल मर्यादा १.६८ आणि परवानगी १० पर्यंत. हा आकडा बऱ्याच महिला खेळाडूंना खटकला आणि त्यांचं म्हणणं फार दिवस कुणी कानावर घेतलं नाही. शेवटी २०२१ मध्ये समितीने प्रत्येक खेळाच्या महासंघाने आपापलं ठरवावं असं सांगून हात मोकळे केले.

त्याच वर्षी टोकियोत लॉरेल हबर्ड उतरली. न्यूझीलंडची ही भारोत्तोलक ऑलिंपिकमध्ये खेळणारी पहिली उघडपणे पारलिंगी स्त्री. वय पुन्हा ४३. २ ऑगस्ट २०२१, ८७ किलोवरील गट. स्नॅच म्हणजे वजन जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर नेण्याचा प्रकार. त्यात पहिला प्रयत्न १२० किलोचा, तो फसला. दुसरा १२५ चा. वजन डोक्यावर गेलं, पण पंचांनी तो वैध धरला नाही. तिसरा पुन्हा १२५ चा, तोही गेला. स्नॅचमध्ये एकही वजन नोंदलं गेलं नाही की स्पर्धा तिथेच संपते. तिने हातांनी हृदयाची खूण केली, प्रेक्षकांना वाकून अभिवादन केलं आणि आत गेली. सुवर्ण चीनच्या ली वेनवेनने जिंकलं, एकूण ३२० किलो उचलून.

या प्रसंगावरून दोन्ही बाजूंनी आपापला निष्कर्ष काढला. एक बाजू म्हणाली, पाहा, २००४ पासून दार उघडं आहे आणि १७ वर्षांनी आलेली पहिली खेळाडू एकही वजन उचलू शकली नाही, उगाच बाऊ करता. दुसरी म्हणाली, या खेळात चाळिशीनंतर ऑलिंपिकला पात्र ठरणं हेच मुळात अचंबित करणारं आहे, आणि २०१७ च्या जागतिक स्पर्धेत हिने रौप्य जिंकलं होतं ते विसरलात का? मला दुसरा मुद्दा जास्त पटतो. एका दिवसाच्या निकालावरून नियम बरोबर की चूक हे ठरत नाही. जिंकली तरी नाही, हरली तरी नाही.

सात-आठ महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, अमेरिकेत लिया थॉमसने विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ५०० यार्ड फ्रीस्टाइल पोहण्याची शर्यत ४ मिनिटं ३३.२४ सेकंदांत जिंकली. त्याआधी ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पुरुष संघात तीन मोसम पोहली होती. दुसरी आली ती एमा वेयंट, टोकियो ऑलिंपिकमधली रौप्यविजेती, पावणेदोन सेकंदांनी मागे. हेही सांगायला हवं, की केटी लेडेकीच्या ४ मिनिटं २४.०६ सेकंदांच्या विक्रमापासून थॉमस नऊ सेकंद लांब होती, २०० यार्डांत ती बरोबरीने पाचवी आली आणि १०० यार्डांत आठवी. म्हणजे 'कुणीही यावं आणि सगळं लुटून न्यावं' असं काही घडलं नव्हतं. पण अंतिम फेरीत आठच मार्गिका असतात. नवव्या क्रमांकाच्या मुलीचं नाव कुठल्याच बातमीत येत नाही. तिच्यासाठी हा प्रश्न विक्रमाचा नसतोच, त्या आठव्या जागेचा असतो.

त्यानंतर महासंघांनी भराभर पावलं उचलली. वर्ल्ड रग्बीने २०२० मध्येच पारलिंगी स्त्रियांना आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांतून वगळलं होतं, कारण तिथे टॅकलमध्ये मानेला-डोक्याला इजा होण्याचा प्रश्न होता. जून २०२२ मध्ये जलतरण महासंघाने ठरवलं, की पुरुषी वयात येण्याचा टप्पा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना महिला गट नाही. मार्च २०२३ मध्ये जागतिक ॲथलेटिक्सने, त्याच वर्षी जुलैमध्ये सायकलिंगने आणि नोव्हेंबरमध्ये क्रिकेटच्या आयसीसीने हीच रेघ ओढली. क्रिकेटमध्ये त्याच्या दोनच महिने आधी कॅनडाची डॅनिएल मॅकगाही ही पहिली पारलिंगी आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू ठरली होती. आयसीसीचा नियम आला आणि तिची कारकीर्द तिथेच थांबली. नियम मोडला नव्हता तिने, जो नियम होता तो पाळूनच ती खेळली होती. धोरणं अशी बदलतात तेव्हा ती कुणाच्या तरी अंगावरून जातात.

यात विज्ञान काय म्हणतं? टेस्टोस्टेरॉन औषधांनी खाली आणलं की फायदा जातो का? काही जातो, काही राहतो, आणि प्रत्येक गोष्टीचा वेग वेगळा. हिमोग्लोबिन लवकर उतरतं, चारेक महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येतं. स्नायूंचं तसं नाही. एमा हिल्टन आणि टॉमी लुंडबर्ग यांनी २०२१ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा १२ महिन्यांच्या उपचारांनंतर स्नायू आणि ताकद साधारण पाचच टक्क्यांनी घटलेली आढळली. अमेरिकेच्या हवाई दलातल्या नोंदींवरच्या अभ्यासात दोन वर्षांनंतर जोर मारणं आणि उठाबशांसारख्या पोटाच्या व्यायामातला फरक संपला होता, पण दीड मैलाच्या धावेत पारलिंगी स्त्रिया अजूनही १२ टक्के वेगवान होत्या. उंची, हाताच्या पंजाचा आकार, हाडांची लांबी यांत तर औषधांनी काहीच बदलत नाही.

दुसरीकडे, ऑलिंपिक समितीच्या निधीतून ब्रायटनमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पारलिंगी महिला खेळाडूंची मुठीची पकड इतर स्त्रियांपेक्षा जास्त निघाली, पण जागेवरून वर उडी मारण्याची क्षमता आणि शरीराच्या वजनाच्या हिशेबात प्राणवायू वापरण्याची क्षमता कमी निघाली. मोठा सांगाडा आणि कमी झालेलं इंजिन, असं काहीसं चित्र. त्यात सगळे मिळून ७५ जण होते आणि मोजमाप एकदाच घेतलेलं. जोआना हार्पर या स्वतः पारलिंगी असलेल्या धावपटू आणि संशोधक. त्यांनी लांब अंतर धावणाऱ्या आठ जणींच्या वेळा तपासल्या तेव्हा उपचारांनंतर त्या महिलांमध्ये साधारण त्याच दर्जाच्या ठरल्या, ज्या दर्जाच्या आधी पुरुषांमध्ये होत्या. आठच जणी, आणि वेळा त्यांनी स्वतः सांगितलेल्या.

अव्वल पारलिंगी खेळाडूंचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला मोठा अभ्यास अजून झालेला नाही, कारण मुळात अशा खेळाडूच मूठभर आहेत. अमेरिकेच्या विद्यापीठ क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२४ मध्ये सिनेटसमोर सांगितलं, की ५ लाख १० हजार खेळाडूंमध्ये आपल्या माहितीत दहाहून कमी पारलिंगी आहेत. संख्या इतकी छोटी असताना त्यांच्यावर निवडणुका लढवल्या जातात, अध्यक्षीय आदेश निघतात, टीव्हीवर रात्री-रात्री आरडाओरडा होतो. त्या दहा माणसांच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा.

नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न चांगला आहे. फायदा कुणाला नसतो? फिनलंडचा स्कीपटू एरो मांतिरांता याच्या घराण्यात एक जनुकीय बदल होता, त्याने त्याचं हिमोग्लोबिन इतरांपेक्षा कितीतरी जास्त असायचं. त्याने ऑलिंपिकची सात पदकं जिंकली आणि त्याला कुणी वेगळ्या गटात टाकलं नाही. मग पारलिंगी स्त्रियांनाच का?

माझं उत्तर असं. हिमोग्लोबिनवरून, पंजाच्या लांबीवरून खेळाने कधी गट पाडलेच नाहीत. तशा नशिबाचं आपण कौतुक करतो. पण पुरुष म्हणून वयात येण्याने मिळणारा फायदा हा तर महिला गट आखण्याचं कारणच आहे. तोच फायदा घेऊन कुणी त्या गटात आलं तर गट कशासाठी, हा प्रश्न उभा राहतोच. वजनगटात २० किलो जास्त भरणाऱ्याला 'निसर्गाची देणगी' म्हणून कुणी आत सोडत नाही. त्यामुळे ताकद आणि वेग यांवर ठरणाऱ्या खेळांत, सर्वोच्च पातळीवर, आज हाती असलेल्या पुराव्यावर महिला गट वयात येण्याच्या निकषावर राखणं मला योग्य वाटतं. त्यात काही पारलिंगी स्त्रियांवर खरा अन्याय होतो हे जाणून मी हे म्हणतो. त्या फसवायला आलेल्या नसतात. पदकासाठी कुणी आपलं अख्खं आयुष्य, घर, नातीगोती पणाला लावून ओळख बदलत नाही. त्या स्त्री म्हणून जगतात आणि तसंच खेळू पाहतात. त्यांच्या स्त्री असण्यावर हा निवाडा नाही आणि तो तसा वापरला जाऊ नये.

नियम कागदावर लिहिणं सोपं असतं, तो राबवताना मात्र सुक्याबरोबर ओलंही जळतं. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांसमोर विवस्त्र उभं करण्यात आलं. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी आली. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये कोबेला विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेला गेली आणि आधीच्या चाचणीचं प्रमाणपत्र घरी विसरली. पुन्हा चाचणी झाली आणि गुणसूत्रं एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत असतात तशी, निघाली. तिला पायाला दुखापत झाल्याचं सोंग करायला सांगण्यात आलं. तिने पुढे माघार घेतली नाही, १९८६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, आणि बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, लग्न ठरलेलं होतं ते मोडलं, विक्रम पुसले गेले. वस्तुस्थिती अशी, की तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हतं. म्हणजे पुरुषी फायदा तिच्या वाट्याला रतीभरही आला नव्हता. १९८८ मध्ये तिला परत खेळण्याची मुभा मिळाली, तोवर उमेदीची वर्षं निघून गेली होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ महिलांची जनुकीय चाचणी झाली, आठ जणींचे निकाल वेगळे आले आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं गेलं. मग १९९९ मध्ये सरसकट चाचणीच बंद झाली.

आपल्याकडे शांती सुंदरराजनने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य जिंकलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आलं. चाचणीचा निकाल तिला टीव्हीवरच्या बातमीतून कळला. पुढे या मुलीला पोटासाठी वीटभट्टीवर राबावं लागलं. द्युती चंदला २०१४ मध्ये, शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून, ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळलं तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती. ती मात्र क्रीडा लवादात गेली. जुलै २०१५ मध्ये लवादाने विचारलं, की नैसर्गिकपणे जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या स्त्रीला नेमका किती फायदा होतो याचा पुरावा कुठे आहे? ॲथलेटिक्स महासंघाला तो देता आला नाही, अशा स्त्रियांना रोखणारा त्याचा नियम स्थगित झाला. नवा नियम आला तो ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींपुरता. द्युती त्याच्या बाहेर राहिली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं. ओडिशातल्या विणकराच्या मुलीने जगाच्या महासंघाला पुरावा मागितला, हे मला आजही थोर वाटतं.

आता चक्र पुन्हा फिरलं आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्सने महिला गटात जागतिक क्रमवारीच्या स्पर्धा खेळायच्या तर एसआरवाय या, पुरुषी लिंगविकास सुरू करणाऱ्या, जनुकाची एकदाच करायची चाचणी सक्तीची केली. गालाच्या आतून कापसाने नमुना घ्यायचा, किंवा रक्त द्यायचं. मार्टिनेझ-पातिन्योसारख्या स्थितीतल्या खेळाडूंना त्यात सूट आहे, म्हणजे जुन्या चुकीतून काहीतरी शिकलं गेलं. तरीही १९९० मध्ये हा जनुक शोधणाऱ्या चमूतले ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू सिंक्लेअर यांनी जाहीरपणे विरोध केला: हा जनुक आहे की नाही एवढंच चाचणीतून कळतं, तो काम करतो का, शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होतं का, ते शरीराला वापरता येतं का, हे कळत नाही. ज्या देशांत समुपदेशक आहेत, गुप्तता पाळणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे एक वेळ ठीक. एखाद्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला हा निकाल कोण, कुठल्या भाषेत आणि कुणासमोर सांगणार?

आणखी एक बाजू नेहमी विसरली जाते, पारलिंगी पुरुषांची. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मॅक बेग्ज हा कुस्तीपटू मुलगा टेस्टोस्टेरॉनचे उपचार घेत होता आणि त्याला मुलांमध्ये खेळायचं होतं. राज्याचा नियम म्हणाला, जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलंय, मुलींमध्येच खेळ. २०१७ आणि २०१८, दोन्ही वर्षी तो मुलींचा राज्यविजेता झाला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. नियम करताना शरीराकडे न पाहता दाखल्याकडे पाहिलं की असं होतं.

'मग त्यांच्यासाठी वेगळा गट करा' असं बरेच जण सुचवतात. जलतरण महासंघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनच्या विश्वचषकात खुला गट ठेवून पाहिला. एकही प्रवेशिका आली नाही. यात नवल नाही. जगभरात विखुरलेल्या मोजक्या जणांनी, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर, 'मी पारलिंगी' अशी पाटी लावलेल्या मार्गिकेत एकट्याने पोहायचं, याला स्पर्धा म्हणणार का? खुला गट चालायचा असेल तर तो सगळ्यांसाठी खरोखर खुला हवा, पुरुष गटाचंच नाव बदलून. आणि त्यात पारलिंगी व्यक्तीला मानाने वावरता यायला हवं, कपडे बदलण्याच्या खोलीपासून.

महाराष्ट्रात हा प्रश्न अजून ट्रॅकवर फारसा आलेला नाही, पण दारात आहे. माजी कसोटीपटू संजय बांगर यांची मुलगी अनाया हिने २०२५ मध्ये आपल्या तपासण्यांचा अहवाल जाहीर करून पारलिंगी स्त्रियांना महिला क्रिकेटमध्ये घेण्याचा विचार करा, अशी मागणी आयसीसी आणि बीसीसीआयकडे केली. एका व्यक्तीच्या अहवालावरून नियम बदलत नसतो. पण आयसीसीने देशांतर्गत क्रिकेटचा निर्णय त्या-त्या मंडळावर सोडला आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. पोलीस भरतीतही हा प्रश्न येऊन गेला. पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावायचं, मग पारलिंगी उमेदवाराने काय धावायचं? डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सरकारला त्यांच्यासाठी अर्जात सोय आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवण्याची हमी द्यावी लागली. तिथे पोटापाण्याचा सवाल आहे, ऑलिंपिकचा नियम उचलून तिथे लावणं चूक ठरेल.

तेच गावच्या मॅरेथॉनला, सोसायटीच्या बॅडमिंटनला, कॉलेजच्या कबड्डीला. बारा वर्षांखालच्या मुलांत तर शरीराचा फरकच एवढा नसतो की कुणाला बाहेर काढावं. ऑलिंपिकमध्ये न्याय्य असलेली रेघ शाळेच्या मैदानावर ओढली, की पहिला बळी केस बारीक कापलेल्या, आवाज जाड असलेल्या, जरा दांडग्या दिसणाऱ्या कुठल्यातरी मुलीचा जातो. हरलेल्या संघाचा पालक उठतो आणि म्हणतो, ही मुलगीच आहे कशावरून?

म्हणून जिल्हा आणि राज्य संघटनांनी आताच काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. कुठल्या वयापासून आणि कुठल्या स्पर्धेपासून निकष लागू होतो, हे प्रवेशपत्रिकेवर आधीच छापलेलं असावं. शंका घेण्याचा अधिकार प्रतिस्पर्ध्याला, पालकाला किंवा पंचाला नसावा. तपासणी लागलीच तर ती खेळाडूने आणि तिच्या डॉक्टरांनी बंद पाकिटात एका नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यावी आणि निकाल सगळ्यांत आधी तिला कळावा, वर्तमानपत्राला नाही. महिला गटात ज्यांना जागा नाही त्यांनी कुठे खेळायचं हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं, पुढच्या ओळीत.